आयव्ही आत्याचा केशरी

क्लेम हेफर्ननचं सगळं काम आधी हात, मग डोकं. आजोबांचा कूरोंगा ट्रॅक्टर शेडमधून बाहेर काढला आणि भाड्याच्या यंत्राने वाळूचा फवारा मारून त्याने तो पार चकाचक लोखंडापर्यंत घासला. मग हात पुसताना आठवलं, की रंगाचा नमुना ठेवायचा राहिला!

कूरोंगाचा कारखाना केव्हाच बंद पडलेला. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या क्लबात डेस नावाचा एक जण म्हणाला, "तांबडा." दुसरा म्हणाला, "पिवळा." फोटो सगळे काळे-पांढरे.

एरवी क्लेमने कुठलाही रंग फासला असता. पण शनिवारी जत्रेच्या मिरवणुकीत हा ट्रॅक्टर आयव्ही आत्या चालवणार होती. वय त्र्याण्णव. डोळ्यांना आता माणसं दिसत नाहीत, भडक रंग तेवढे कळतात. पोरवयात तिने याच ट्रॅक्टरने सगळा गहू पेरला होता. तिला विचारावं, तर घासल्याचं कबूल करावं लागणार.

सकाळी परसातल्या संडासातून त्याची बायको नोला ओरडतच आली. "अरे वेड्या, दार! ट्रॅक्टरच्या रंगाचा उरलेला डबा आत्यानं संडासाच्या दाराला फासला होता ना? दर नाताळात सांगते की!"

दार उन्हाने विटलं होतं, पण नंतर ठोकलेल्या बिजागरीखाली रंग कोरा करकरीत निघाला. भोपळ्याहून तांबडा, टोमॅटोहून पिवळा. क्लेम नाचलाच! अख्खं दार गाडीत टाकून तो रंगवाल्याकडे निघाला.

"नखाएवढा टवका पुरला असता रे!" नोला मागून ओरडली.

"साक्षीदार अख्खाच हजर करतो!"

नोलाने संडासाला चादर लावली आणि आठवडाभर पाहुण्यांना गाणं म्हणत बसायला लावलं.

शनिवारी मैदानावर आत्या खुर्चीत बसली होती. समोरून क्लेम ट्रॅक्टर चालवत आला. ती पुढे झुकली.

"क्लेम्या, आपल्या संडासाचं दार चालत येतंय की काय!"

सगळं मैदान हसलं. क्लेम हसता हसता रडायलाच लागला. "दिसलं तुला, आत्या?"

"न दिसायला काय झालं? त्याच दारापायी बाबांचा मार खाल्लाय मी. उतर खाली."

तिला दोघांनी धरून वर बसवलं. कूरोंगा पहिल्या गिअरमध्ये निघाला. आत्या ताठ बसून हात हलवत होती आणि क्लेम मागच्या दांड्याला लटकून ओरडत होता, "डावीकडे, आत्या! डावीकडे! अगं, तिकडे मेंढ्या आहेत!"