विषाणूचं माहेर

रक्ताची बारीक नळी उजेडासमोर धरून ती आधी त्या नळीलाच विचारायची, "कुणाची गं तू?"

मग उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून कामाला लागायची. निपाणीकडची पोर. तिकडे विहिरीवर अनोळखी मुलगी दिसली की बायका विचारतात ना, तोच सूर. आमच्या प्रयोगशाळेतली कन्नड मंडळी हसायची, साहेब हसायचे. मी हसत नसे. मला तिचा हेवा वाटायचा, आणि त्याला मी तेव्हा शिस्त म्हणत असे.

बंगळुरातल्या त्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं नमुने घेत होते, फॉर्म भरत होते. डेंग्यू आहे की नाही, एवढंच माझी तपासणी सांगायची. ही आली आणि तिनं पुढचा प्रश्न काढला: आहे तो आला कुठून? डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. चौघी बहिणी म्हणा. प्रत्येकीचा गोतावळा वेगळा. माणसामाणसांतून फिरताना त्यांच्या आतल्या जनुकीय मजकुरातलं एखादं अक्षर बदलतं, आणि त्या बदलांवरून कोण कुणाची लेक ते कळतं. ती संगणकावर त्यांची वंशावळ मांडायची, फांद्या फुटलेलं एक आडवं झाड.

"अक्का, ही बघा. हिचं माहेर हितलं न्हवं. समुद्रापल्याडनं आलीय, आता हितंच नांदतीय."

साहेब खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसायचे. माझ्या टेबलाशी ते वीस वर्षं उभ्याउभ्या सही करत आले होते. तुम्हीही नोकऱ्या केल्या असतील. खुर्ची ओढल्याचा आवाज किती लांबून ऐकू येतो, ते तुम्हाला सांगायला नको. मी तिला पाठीमागे 'माहेरवाशीण' म्हणू लागले. कुणीतरी ते तिला सांगितलं, तर ती खूश झाली. माझा टोमणासुद्धा वाया गेला.

एका वर्षी तिचं झाड बिघडलं. एकाच फांदीवरचे विषाणू, अगदी सख्खे, आणि माणसांची गावं मात्र लांबलांबची: रायचूर, कोप्पळ, विजयपूर. दोन दिवस ती त्या झाडापुढून उठली नाही. मी त्या दोन दिवसांत छान जेवले. तिसऱ्या दिवशी माझे फॉर्म घेऊन ती समोर उभी राहिली.

"अक्का, तुम्ही लोकांना काय विचारता?"

"हेच की, गाव कुठलं."

"तुमचं कुठलं?"

"वाई," मी पटकन म्हणाले.

आता आमचं घराणं कित्येक पिढ्या इथल्याच, जुन्या बंगळुरातल्या चामराजपेटेत. घरात आम्ही 'स्वल्प भात वाढ' म्हणतो. वाई मी एकदाच पाहिली, तीही बसच्या खिडकीतून. पण गाव विचारलं की वाई. कन्नडमध्ये 'ऊर' म्हणून गाव विचारा, तेच होतं. माणूस आजोबांचा पत्ता सांगतो.

तिनं एकेकाला फोन लावला आणि गाव सोडून वेगळंच विचारलं, "दुपारी कुठं असता?" डेंग्यूचा डास दिवसा चावतो. सगळे निघाले शहराच्या टोकाला, व्हाइटफील्डला, नव्या इमारतींवर कामाला, पत्र्याच्या शेडांत राहणारे. साहेबांना ती म्हणाली की फॉर्मचा रकानाच चुकीचा आहे. माझं नाव घेतलं नाही. घ्यायचं तरी. भांडता आलं असतं.

मग त्या पन्नाशीतल्या शहाण्या बाईनं, म्हणजे मी, ठरवलं की त्या फांदीचं खोड आपणच शोधायचं. शेडांत पहिल्यांदा आजारी कोण पडलं, ते हिच्याआधी साहेबांना सांगायचं. गुडघे दुखतात म्हणून अर्ध्या रजा टाकल्या. आता तिकडे मेट्रो जाते. तेव्हा बसमध्ये उभं राहून खरोखरच गुडघे दुखले. वही काढून मी दारोदार विचारत फिरले. एका बाईनं चहा दिला, पाण्याच्या उघड्या पिंपाजवळ सावलीत बसवलं आणि मला 'अज्जी' म्हणाली. तेव्हा मला नातवंडं नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. पिंपात अळ्या वळवळत होत्या. मी तेही पिंप वहीत लिहून घेतलं, चहा संपवला, आणि पायाला काहीतरी चावलं ते खाजवत बसले.

आठवड्यानं ताप चढला. प्रयोगशाळेच्या नव्या फॉर्मवर नवा रकाना होता: दुपारी कुठं असता? मी लिहिलं, चामराजपेट, घरी.

दवाखान्यात प्लेटलेट उतरत चालल्या. पूर्वी एकदा मला त्या चौघींपैकी एका बहिणीनं गाठलं होतं. या वेळी आली ती दुसरी. अशा वेळी शरीराची जुनी ओळखच कधीकधी नवीला आत घेते, आणि आजार जड होतो. हे मी वीस वर्षं लोकांना समजावत होते. निपाणीची पोर रोज संध्याकाळी यायची, डब्यात तांदळाची पातळ गंजी आणायची, आणि आनेकलची बस पकडून घरी जायची. तिसऱ्या संध्याकाळी डबा न उघडताच बसली.

उद्या बैठक आहे, म्हणाली. साचलेलं पाणी ओतून द्यायला जाणारी माणसं थोडीच आहेत. ती सगळी शेडांत पाठवा, असं तिनं सांगितलं होतं. पण त्याच फांदीची एक नळी चामराजपेटेतून आली, आणि आता साहेब म्हणतात की साथ शहरात शिरली, अर्धी माणसं इकडे वळवू.

"झाड म्हणतंय न्हाई. फॉर्म म्हणतोय व्हय. आणि अक्षर तुमचं हाय, अक्का."

मी भिंतीकडे तोंड केलं. गप्प राहिले असते तर उद्या साहेबांसमोर तीच चुकली असती. त्या खुर्चीचा आवाज बंद झाला असता. खोटं कशाला सांगू, ते मला गोड वाटलं. पण डोळे मिटले की ते उघडं पिंप दिसायचं, आणि शेजारी चहाचा कप धरून ती बाई.

"दुपारी कुठं असता?" तिनं हळूच विचारलं.

"शेडांत."

"कशाला?"

"तुझ्याआधी शोधायला."

तिनं डबा उघडला, गंजी वाटीत ओतली. मग म्हणाली, "मग काय घावलं?"

"डेंग्यू."

ती इतकी हसली की नर्स ओरडत आली. मी हसले तर सलाईनची सुई टोचायची, तरी हसले. जाताना तिनं माझ्या पिशवीतली वही मागून घेतली. बैठकीत तिनं उघड्या पिंपांची यादी वाचून दाखवली, माझ्या नावानं. सगळी माणसं शेडांत गेली. मला घरी भेटायला साहेब आले आणि खुर्ची ओढून बसले. हे दिलंसुद्धा तिनंच, याचा मला परत हेवा वाटला.

पुढे ती परदेशी गेली. कुठल्या देशात, ते तिनं सांगितलं होतं. मीच तेव्हा मुद्दाम नीट ऐकलं नाही. आता पाऊस थांबला की पेपरात येतं, नवीन कुठली तरी आली म्हणे. कुणाची, ते विचारणारं आमच्या गल्लीत कुणी नाही.

जाताना तिनं त्या झाडाचा छापील कागद मला दिला होता. परवा नात त्यावरचा लाल ठिपका बोटानं दाबत म्हणाली, "अज्जी, हे काय?" तो माझा ठिपका. शेजारचं 'चामराजपेट' खोडून माहेरवाशिणीनं 'व्हाइटफील्ड, शेड' लिहिलंय. खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: कुणाची? आपलीच.