खुर्चीला पाय किती

आमच्या ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या वाक्यांतले शब्द खोडण्यात घालवली, आणि त्याबद्दल परदेशी कंपन्या त्यांना पैसे देत आल्या.

हे पेटंटचे वकील. परदेशातल्या कुणी नवी वस्तू काढली, की इथे तिची नक्कल होऊ नये म्हणून अर्ज करावा लागतो. अर्जाच्या शेवटी 'दावा' असतो. एवढं आमचं, याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ. तो लिहिणं हे ह्यांचं काम. बाकीचा अर्ज कुणीही लिहील, असं हे म्हणतात. बाकीचा अर्ज लिहिणारी माणसं ते ऐकून घेतात.

एकदा घडीच्या खुर्च्या करणाऱ्या एका परदेशी कंपनीचा इथला इंजिनियर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला होता. त्याने लिहिलं होतं, 'चार पायांची, लाकडी, घडीची खुर्ची.' ह्यांनी आधी 'लाकडी' खोडलं. उद्या कुणी प्लास्टिकची केली तर तो सुटेल, म्हणून. मग 'चार पायांची' खोडलं.

"अहो, पण आमच्या खुर्चीला चारच पाय आहेत!" तो कळवळून म्हणाला.

"खुर्चीला असू देत. दाव्याला कशाला?"

तो बिचारा जेवताना टेबलाखाली वाकून आमच्या खुर्च्यांचे पाय बघत होता. पण अर्ज मंजूर झाला, आणि कंपनीने एक खुर्ची भेट पाठवली. तिच्यावर आमची मुलगी हक्काने बसायची. लग्न झाल्यावर ती खुर्ची घेऊनच सासरी गेली.

शब्द वाढला की हक्क आकसतो, हा ह्यांच्या धंद्यातला नियम. तो हे घरातही पाळतात. मी चिठ्ठीत 'लाल, पिकलेले टोमॅटो' लिहिलं, तर हे दारातच पहिले दोन शब्द खोडून गेले आणि हिरवे घेऊन आले. म्हणाले, चिठ्ठीप्रमाणेच आहेत. माझी प्रार्थनासुद्धा सुटली नाही. मुलीला चांगली झोप लागू दे, नोकरीत त्रास नको, सासरी तिचं कौतुक होऊ दे, असं मी देवाला रोज सविस्तर सांगते. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "इतक्या अटी घालू नकोस, पळवाटा राहतात." मी म्हटलं, देव काही तुमचे अर्ज तपासणाऱ्या परीक्षकासारखा नाही. त्यावर ह्यांनी पान उलटलं. म्हणजे मुद्दा विचारात घेतला.

मागच्या रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. आवाज अगदी खाली. "आई, मी घरी आले तर चालेल? बाबांना विचार आणि मेसेज कर. फोन नको, इथे ऐकतात." आणि ठेवलाच.

वन्सं आलेल्या होत्या. ह्यांची धाकटी बहीण, सल्ल्याला कधी कमी नाही. आम्ही दोघींनी मिळून मेसेज जुळवला. ह्यांना फोनवरचं वाचून खोडता येत नाही, म्हणून मी तो कागदावर उतरवून नेला. 'बाळा, चार दिवस ये, जावयांना सांगून ये, भांडून येऊ नकोस, देव सगळं नीट करील.'

ह्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली.

"चार दिवस. मग पाचव्या दिवशी काय, दार बंद?"

"अरे दादा, बोलायची पद्धत असते ती," वन्सं म्हणाल्या.

"असते. पण पाचव्या दिवशी ती हेच वाचत बसेल." खोडलं. "जावयांना सांगून. न सांगता निघाली तर?" खोडलं. "भांडून नको. भांडण नसतं तर विचारलं कशाला असतं?"

"आणि लोक काय म्हणतील?" वन्संनी विचारलं.

"लोक या अर्जात पक्षकार नाहीत."

मग पेन्सिल थांबली. "देवाचं तुझं आहे. ठेवू?"

मी जरा विचार केला. देवाशी माझं रोजचं बोलणं आहे, ते मी परस्पर बोलून घेईन. तिच्या वाटेत कशाला घालायचं? मीच ह्यांच्या हातातली पेन्सिल घेऊन ते खोडलं.

"निदान 'बाळा' तरी राहू द्या!" वन्संना रडू यायला लागलं होतं.

ह्यांनी चष्मा सारखा करून तो शब्द पुन्हा वाचला. "संबोधन आहे, अट नाही. राहू दे."

'बाळा, ये.' मी पाठवलं.

त्यानंतर ह्यांनी वर्तमानपत्राचं एकच पान धरून ठेवलं आणि दर थोड्या वेळाने विचारलं, "आलं का काही?" शेवटी आलं. 'किती दिवस?'

"लिही, 'लिहिलेलं नाही'."

"असं कसं लिहू? तिला काय कळणार?"

"माझ्या टेबलावर जेवून मोठी झाली आहे. लिही."

मी लिहिलं, 'बाबा म्हणतात, लिहिलेलं नाही.' उत्तर आलं नाही. अंधार पडायच्या आत टॅक्सी आली. एक पिशवी, आणि काखेत ती घडीची खुर्ची.

"अगं बाई, हिचा एक पाय कुठे आहे?" वन्संनी विचारलं.

मुलगी खाली बघायला लागली. हे पुढे झाले, तिच्या काखेतून खुर्ची काढून घेतली, उलटीपालटी करून नीट पाहिली.

"पाय लिहिलेले नव्हतेच," हे म्हणाले.

ती फिसकन हसली, आणि मग रडली. पाय कसा मोडला हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आहे. बसायला चालत नाही, पण ती किती दिवस ठेवायची, असंही कुणी विचारत नाही.