शिंगराकडे पाठ करून

"आबा, शिंगराच्या तोंडाला आता दोराची मोरखी घाला. मोठं झालं की आवरायचं नाही," शेजारचा रामा म्हणाला.

"तू आधी तुझी पोरं आवर," मी म्हणालो.

शिकवणं कधी सुरू करायचं, हे शिंगरू ठरवतं. माझी बायको तबेल्यात त्याच्याकडे पाठ करून बसायची. ते आपणहून येऊन पदर चावायचं, मग तिचं शिकवणं सुरू. ती वारली तेव्हापासून ते कोपऱ्यात भिंतीला चिकटून असतं. मीही घर सोडत नाही. दार उघडं, तरी दोघं कोंडलेले.

आज तिच्या जागी मी पाठ करून बसलो. मागं पावलं वाजली आणि थांबली. वळून बघायचं नाही, ही तिची ताकीद. डोळे भरले, तरी वळलो नाही.

ये बाबा. तू आल्याशिवाय मला उठता येणार नाही.