दुसऱ्या तोंडाची बातमी

जगातली कुठलीही बातमी सगळ्यात उशिरा कुणाला कळत असेल, तर ती लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या शेजारच्या बातमीदाराला. फिलिपिन्सच्या टीव्हीवर बारा वर्षं वादळं, पूर आणि मंत्र्यांची भाषणं घरोघर पोचवलेला हा माणूस. पण बाहेर बर्फ पडतोय असं मी कुंपणावरून ओरडून सांगितलं, तर हा आधी समोरच्या गुजराती काकांना फोन करायचा. "एका तोंडाची ती कुजबुज, आजी. दोन तोंडांची ती बातमी." अरे, खिडकीतून बघ की! तर म्हणे, "माझे डोळे माझ्याच बाजूचे." त्याची बायको इथल्या इस्पितळात नर्स. लेकीच्या वेळी तिला दिवस गेले तेव्हा तिने लाजत लाजत ते सांगितलं, तर याने विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिच्या नोकरीपायी कॅमेरा सोडून तो इथे आला होता आणि जवळच्याच स्लाऊ गावातल्या एका गोदामात खोकी मोजत होता. अर्थात, दोनदा.

मी नातीला सांभाळायला पुण्याहून आले तेव्हा जेमतेम एकसष्टची होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. टीव्हीवरचा माणूस भिंतीपलीकडे राहतो म्हटल्यावर मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायलाही लिपस्टिक लावून जायला लागले. "आजी, न्यूजवाला अंकल आली!" असं नात तिच्या लंडनच्या मराठीत ओरडली, की गॅसवरची आमटी तशीच टाकून केस सारखे करायचे. आमटी करपायची, सून खिडक्या उघडायची. आमचं इंग्रजी दोघांचंही अर्धं अर्धं, त्यामुळे संभाषण मात्र पूर्ण व्हायचं.

एकदा तोऱ्यात मी त्याला म्हटलं, "दोन तोंडं, दोन तोंडं! बातमीदार होतास की वकील?" त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. त्याच्या गावची मासेमारीची एक होडी वादळात सापडली होती. एका अधिकाऱ्याने बुडालेल्यांची यादी हातात दिली, आणि याने ती तशीच कॅमेऱ्यासमोर वाचली. त्यातल्या एका पोराच्या आईने ती ऐकली आणि जागच्या जागी कोसळली, ती गेलीच. तिसऱ्या दिवशी पोरगा चालत घरी आला. "मी फक्त एकालाच विचारलं होतं, आजी," तो म्हणाला. त्यानंतर बर्फाची थट्टा मी कधी केली नाही.

त्या गावाला वादळात शिरायला एक पक्की इमारत नव्हती. ती बांधायची तर गावचा नगराध्यक्ष व्हायला हवं, हे त्याच्या मनात कधीचं होतं. निवडणुकीच्या वर्षभर आधीच जाऊन राहावं लागणार होतं. लेकीची शाळा आणि नोकरी सोडून बायकोला जाता येत नव्हतं, आणि त्याची छाती मधूनमधून दुखते म्हणून तिचा विरोध होता. तो कुंपणापाशी आला. "आजी, जाऊ का?"

"जा. निवडून येशील."

"आणखी कोण म्हणतं?"

मी क्षणभरही थांबले नाही. "माझी सूनही म्हणते."

सून यातलं काहीच म्हणाली नव्हती. तिला तर तो कुठे चाललाय हेसुद्धा ठाऊक नव्हतं. टीव्हीवर झळकलेल्या माणसाला आपण राजकारणात धाडलं, हे पुण्याला फोन करून सांगायची मला घाई होती, दुसरं काय! तो मात्र हसला. दोन तोंडं झाली होती.

त्याचा प्रचार मी आणि त्याची बायको फोनवर बघायचो; तिकडच्या बोलण्याचा अर्थ ती मला सांगत जायची. बाजारात एका बाईने विचारलं, "इमारत कधी होईल?" तर हा म्हणतो, "एक इंजिनिअर म्हणतो दोन वर्षांत. दुसऱ्याला विचारून उद्या सांगतो." मी कपाळावर हात मारला. "अगं, हा मतं मागतोय की परत करतोय?" ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच त्या बाईला सांगायला गेला. टेम्पोवर उभा राहून, भर उन्हात, घामाने निथळत. ती स्क्रीनकडे वाकून त्याचा रंग बघायची, नर्ससारखा. मी मात्र गर्दी बघायचे.

मतदानाला आठ दिवस राहिले असताना, सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. अंगावर गणवेश, पायात घरातल्या सपाता. "तो गेला," ती म्हणाली. "भाषण करता करता. त्याच्या भावाचा फोन होता."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणखी कोण म्हणालं?"

बोलले आणि जीभ चावली. वाटलं, आता ही दार आपटून जाणार. पण ती पायरीवर बसली. असल्याच प्रश्नापायी नवऱ्याशी अबोला धरलेली बाई हळूच म्हणाली, "अजून कुणालाच विचारलं नाही."

मी तिच्या शेजारी बसले. गुडघे कुरकुरले, बसू दिलं त्यांनी. म्हटलं, "तुला एक सांगायचंय. माझी सून तसं काही म्हणाली नव्हती."

"माहितीये," ती म्हणाली. "मी तिला विचारलं होतं. तो इथून गावी निघाल्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"तो खूश होता, आजी."

भिंतीपलीकडे तिच्या घरात फोन वाजायला लागला. बहुधा त्याची बहीण. तिने माझा हात धरला, मी तिचा. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. आम्ही दोघी उठलो नाही. फोन उचलला नाही तेवढा वेळ, त्या बातमीदाराच्याच हिशेबाने, तो गेल्याची ती नुसती कुजबुज होती.