माहेरचं नाव सांगून आलेला फोन

भाटघरच्या धोंडाबाईंना भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. विंचू दिसला तर आधी त्याला चिमट्यात धरायच्या, ओरडायचं की नाही ते मग ठरवायच्या. टीव्हीवर सायबर युद्धाचा कल्लोळ उठला, शत्रू कॉम्प्युटरवरून धरणाचे दरवाजे उघडणार असा निरोप मोबाईलवर फिरू लागला, तरी अख्ख्या आळीत या एकट्याच निवांत शेंगा फोडत बसल्या होत्या.

शेजारच्या फुलाबाईंनी मात्र गाठोडं बांधलं आणि शेळी टेम्पोत चढवली.

"कुठं निघालीस गं?"

"नसरापूरला, लेकीकडं. धरण सुटल्यावर निघू व्हय?"

"आन् कोंबड्या?"

"त्यास्नी पंख हाईत."

"अगं, धरणावर माणसं बसल्यात की राखायला. त्यांच्या आधी तुला बरं कळलं!"

चार-दोन दिवसांनी फुलाबाई परतल्या. धरण जागच्या जागी होतं. शेळीने तेवढी लेकीची मेथी फस्त केली होती. धोंडाबाईंनी आळीभर त्यांची नक्कल करून दाखवली. बायका पोट धरधरून हसल्या.

त्याच संध्याकाळी बुद्धवंदना आटोपून धोंडाबाई उठतात तोच फोन वाजला.

"मावशी, मी वेल्ह्याकडचा. तुमच्या माहेरचा."

माहेर म्हटल्यावर धोंडाबाईंचा आवाजच बदलला. "जेवलास का रं?"

"जेवलो की. मावशी, धरणाच्या नावानं लोक उगाच भ्यायल्यात. त्यांना धीर द्यायला गट करतोय. तुमच्यासारखी धीराची बाई न्हाई म्हणतात. तुमच्या मोबाईलवर आकडे आलेत, तेवढे वाचा."

धोंडाबाईंनी वाचले. माहेरच्या माणसाने पाणी मागितलं तर तांब्या झाकून कोण ठेवतं?

भाकरी थापायला बसल्या, तेवढ्यात सून शिवानी मोबाईल नाचवत आत आली. "आत्या, तुमच्या नावानं निरोप आलाय. दवाखान्यात हाय, पैसे धाड म्हणून. तुमी तर हितं चुलीपाशी!"

आकड्यांची गोष्ट ऐकून शिवानीने कपाळावर हात मारला. त्या आकड्यांनी धोंडाबाईंचं व्हॉट्सॲप परक्याच्या हाती गेलं होतं आणि तो त्यांचं नाव लावून साऱ्यांना लिहीत होता.

धोंडाबाईंनी हातातली भाकरी परातीत टाकली. महिला मंडळात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विहार झाडायला या म्हटलं की बाया हातचं काम टाकून यायच्या. "माझ्या शब्दावर एक जरी बाई नागवली, तर विहाराची पायरी कुठल्या तोंडानं चढू?"

शिवानी सायबरच्या मदत क्रमांकाला फोन लावत राहिली आणि धोंडाबाई पिठाच्या हातानेच बाहेर पडल्या. दारोदार एकच वाक्य. "माझ्या नावानं पैसे मागितल्यात ते खोटं हाय. मी फसले." सकाळी नक्कल करणाऱ्या जिभेला ते शेवटचे दोन शब्द जड जात होते. कुणीच पैसे पाठवले नव्हते, हे नवल. फुलाबाईंचं दार सगळ्यात जवळचं, पण तिथं त्या सर्वांत शेवटी गेल्या.

फुलाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. "ये. म्या कवाच समद्यांस्नी कळवलंय, एक पैसा धाडू नगा म्हणून."

"तुला गं कसं कळलं?"

"त्यात 'कृपया' लिवलं हुतं. धोंडे, जन्मात कुणाला कृपया म्हणालीस व्हय तू?"

धोंडाबाई तिथंच उंबऱ्यावर टेकल्या. आधी डोळ्यांत पाणी आलं, मग हसू, आणि मग दोन्ही एकदमच. चहा टाकत फुलाबाई म्हणाल्या, "मी धरणाला भ्याले, लोकांनी हसून घेतलं. तू गोड बोलण्याला भ्यायला पायजे हुतंस." धोंडाबाईंनी मान डोलावली. मन निर्मळ असावं, पण दाराला कडी हवीच, हे त्यांना पटलं होतं.

शिवानीने खटपट करून त्यांचं व्हॉट्सॲप परत मिळवलं. पुढे एका दुपारी पुन्हा फोन वाजला.

"अक्का, साहेबराव बोलतोय."

आवाज सख्ख्या भावाचा होता, तरी धोंडाबाई सावरून बसल्या. "आधी सांग, आईनं तुला लाटण्यानं का मारलं हुतं?"

"अक्का, हितं पाव्हणे बसल्यात..."

"मग ठिवते."

पलीकडून दबलेला आवाज आला. "तुझ्या वाटणीचा गूळ खाल्ला म्हणून."

"व्हय, तूच हायस," म्हणत धोंडाबाईंनी ऐसपैस मांडी घातली.