सातवा प्रश्न

सत्यशीलाबाई रणपिसे यांनी बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज तपासले. रकाना रिकामा दिसला की समासात लाल फुली, आणि अर्ज परत. साहेबांच्या मेहुण्याचा अर्जही त्यांनी दोनदा परत केला होता. त्यापायी बढती लांबली, पण त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. निवृत्तीनंतर वारज्याच्या फ्लॅटमध्ये तपासण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. सोसायटीच्या नोटिसा तेवढ्या त्या हातात पेन घेऊन वाचत.

लेक दीक्षा आयटीत. अंदमानला जायचं आणि स्कूबा करून समुद्राच्या तळाशी उतरायचं, हे तिचं पाच वर्षांचं वेड. दोनदा बेत ठरला, दोनदा ऐनवेळी सुट्टी नाकारली गेली. या जानेवारीत एकदाचं जमलं. "आई, तूही चल. खाली मी तुझा हात धरते," ती म्हणाली. सत्यशीलाबाई पाण्याला चांगल्याच घाबरत. पण लेक हात धरणार म्हटल्यावर तयार झाल्या.

मग तिकडून तब्येतीचे फॉर्म आले. सत्यशीलाबाईंनी रक्तदाबाच्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं, गोळीचं नावही लिहिलं. ते झाल्यावर सवयीने दीक्षाचा फॉर्म ओढून घेतला. वरपासून खालपर्यंत सगळं 'नाही'. सातवा प्रश्न दम्याचा होता, आणि दीक्षाच्या पर्समध्ये कायम पंप असे. त्यांनी समासात लाल फुली मारली.

"अगं, वर्षातून चारदा लागतो मला पंप! सगळे 'नाही'च लिहितात. कोण तपासतंय?"

"मी."

"होय लिहिलं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात."

"मग आणू."

सदाशिव पेठेतल्या छातीच्या डॉक्टरांनी दोघींना तपासलं. दीक्षाला यंत्रात फुंकर मारायला लावली, दोन जिने चढायला लावले, पुन्हा फुंकर मारायला लावली. आकडा बराच घसरला.

"पाण्याखाली पंप चालत नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि मासे मदतीला येत नाहीत."

सत्यशीलाबाईंना मात्र त्यांनी सही-शिक्क्यानिशी सर्टिफिकेट दिलं.

पुढचे दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता. फुली बरोबर होती, याबद्दल सत्यशीलाबाईंना तिळमात्र शंका नव्हती. तरी जीव तुटत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या फुलीचा राग आला.

तिसऱ्या दिवशी मटार सोलता सोलता त्याच म्हणाल्या, "रद्द कर सगळं. तुझ्याशिवाय मी खाली जाऊन काय करू?"

"काही रद्द होणार नाही. तू उतरायचंस. मी वर बोटीत बसणार."

"आणि माझा हात?"

"तिथला माणूस धरेल. त्याचं कामच आहे ते." दीक्षाने आईपुढची शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात टाकले. मग म्हणाली, "वर आलीस की सगळं सांगायचं मला. मासे, रंग, तळ, सगळं. एकही रकाना रिकामा दिसला, तर परत खाली पाठवीन."