‘फटका कमजोर, नको’ : हॉकीचं पोरगं शोधायला गेलो दिग्रसला

नातीनं हा ब्लॉग उघडून दिला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबा, तुमची आयुष्यातली सगळ्यात भारी ट्रिप कोणती?" तिला वाटलं मी काश्मीर म्हणेन, नाहीतर तिच्या बापानं विमानानं नेलेलं केरळ. मी म्हटलं, "दिग्रस." ती हसली. हसू दे. ज्यांना यवतमाळकडे जायचंय आणि ज्यांना कुठंच जायचं नाही पण वाचायला आवडतं, अशा दोघांसाठी लिहितो.

साल एकसष्ट, महिना जानेवारी. मी चोवीस वर्षांचा, अमरावतीच्या एका क्रीडा वसतिगृहात नवाकोरा हॉकीचा मास्तर. आदल्याच वर्षी रोमला आपलं हॉकीचं सोनं हातचं गेलं होतं आणि पानठेल्यावरचा माणूसही संघ कसा निवडायचा ते सांगत होता. आमचे सेक्रेटरी अण्णा एक दिवस टेबलावर हात आपटून म्हणाले, "मिशा फुटलेल्यांना शिकवून काय उपयोग? कोवळं असतानाच धरलं पाहिजे. जा, दहाच्या आतलं एक पोरगं शोधून आण." एकच, कारण वसतिगृहात खाट एकच रिकामी होती. त्या खाटेवर जो निजेल त्याला दोन वेळचं जेवण, शाळा आणि रोज मैदान. चांगला निघाला तर पुढं रेल्वेत नाहीतर गिरणीत हॉकीच्या जोरावर नोकरी. त्या काळी खेळून पोट भरायचं म्हणजे एवढंच, पण हे एवढंसुद्धा कितीजणांना मिळायचं!

अण्णांनी मला एक तक्ता आखून दिला. धाव, उंची, चपळाई आणि फटका. शंभरातले पन्नास गुण एकट्या फटक्याला. "लहान वयात ज्याच्या फटक्यात जोर, तोच पुढं चमकतो," हे त्यांचं ठाम मत. माझंही तेच होतं, कारण माझं स्वतःचं अजून काही मतच नव्हतं.

बडनेऱ्याहून मूर्तिजापूर आणि तिथून छोट्या रुळांची गाडी. आता ती गाडी बंद आहे, तुम्ही सरळ यवतमाळहून नाहीतर कारंज्याहून बसनं जा. पण आम्ही काय प्रवास केला म्हणून सांगू! इंजिन एवढंसं, धूर मात्र ऐटीत. समोरच्या बाकावरच्या बाईनं ओच्यातल्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा काढल्या, सगळ्या डब्याला वाटल्या आणि माझ्या मांडीवरची हॉकी स्टिक पाहून विचारलं, "बाप्पा, हे वाकडी काठी कायले आनली?" मी म्हटलं, "खेळायची आहे." ती म्हणाली, "एवढा मोठा मानूस, अन् खेळाले चालला!" डबा हसला. मीही हसलो, दुसरं करणार काय?

दारव्ह्याला उतरलो तर आठवडी बाजार भरलेला. झुणका, ज्वारीची भाकर आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा खाल्ला. नवे पैसे सुरू होऊन बरेच दिवस झाले होते तरी खानावळवाली आण्यातच भाव सांगायची, तिचा हिशेब तिलाच कळायचा. धर्मशाळेत पथारी टाकली, सकाळी शाळेत चाचणी घेतली. तीस पोरं आली. त्यातल्या निम्म्यांनी चेंडू सोडून एकमेकांच्या नडग्या फोडल्या. एक पोरगं धावता धावता कुंपणाबाहेर गेलं ते घरीच. माझा तक्ता कोराच राहिला.

दुपारची बस पकडून दिग्रस. जानेवारीतच जा हो. कापसाच्या गाड्यांची रांग सरकी काढायच्या जिनिंगच्या दारापासून पार रस्त्यापर्यंत, बैल रवंथ करताहेत, गाडीवाले सावलीत पडलेत आणि हवेत कापसाचं भुरं. तासाभरात माझ्या डोक्याचे केस पिकले. जिनातले फिटर करीमचाचा मला घ्यायला आले होते. पन्नाशीचे, हाताला कायमचं तेल, तरुणपणी नागपूरला रेल्वेच्या संघात खेळलेले. दिग्रसच्या पोरांना हॉकी शिकवायची ती तेच, फावल्या वेळात, फुकट.

"मास्तर, आधी चहा, मंग टेस," चाचा म्हणाले. टेस म्हणजे टेस्ट.

दिग्रसची पोरं तयार होती. त्यातला जिनातल्या दिवाणजीचा नऊ वर्षांचा उत्तम म्हणजे तोफच. त्यानं फटका हाणला की चेंडू मैदान ओलांडून कापसाच्या ढिगात. पन्नासपैकी पंचेचाळीस गुण दिले आणि मनात म्हटलं, झालं काम, उद्या परत. चाचांना वही दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि म्हणाले, "पोरगा चांगलाच हाये. पन मास्तर, इतक्या दूर आले, तं एक डाव तांड्यावरचे पोट्टे पाहून घ्या. मले तिथं एक दिसला हाये. मी काई सांगत नाई, तुमीच पाहा."

मला कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू? पण चाचांच्या बायकोनं केलेलं वांग्याचं भरीत खाल्लं होतं, नाही म्हणणार कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दोन सायकलींवर निघालो. गाडीवाट, काळी माती, दोन्हीकडे तूर. आता तिथं डांबरी रस्ता आहे म्हणतात, जीपा जातात. तासाभरानं बंजाऱ्यांचा तांडा लागला. बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं, दोन पिढ्यांपासून इथंच शेती करून राहिलेली. तांड्याचा नायक भीमा म्हणजे सत्तरीचा म्हातारा, पांढरा फेटा, डोळे बारीक. त्याचाच नातू थावरू. बाप नव्हता, आई आणि आजा. नऊ वर्षांचा, काडीसारखा, कुणा मोठ्याचा सदरा गुडघ्यापर्यंत.

माळावर ढोरं चरत होती आणि दहाबारा पोरं खेळत होती. बोरीची वाकडी फांदी तोडून केलेल्या काठ्या, बांबूच्या मुळाचा घासून गोल केलेला चेंडू. मी खेळ थांबवला, तक्ता काढला आणि एकेकाला उभं केलं. थावरू धावला छान, चपळाईही चांगली. मग मी माझी खरी स्टिक त्याच्या हातात दिली. त्यानं ती आधी हुंगली, मग दांड्यावरून अंगठा फिरवला.

"मार! जितका जोरात मारता येईल तितका!"

त्यानं चेंडू टुककन ढकलला. दहा पावलांवर थांबला.

"अरे, जोरात!"

परत टुककन. बारा पावलं.

तिसऱ्यांदा तेच. मी चाचांकडे पाहिलं, ते बिडी पेटवण्यात गुंग. वहीत लिहिलं : थावरू, फटका कमजोर, नको. आणि नावावर रेघ मारली. त्याला वाचता येत नव्हतं, पण रेघ समजायला कुठं वाचावं लागतं? त्यानं स्टिक माझ्या हातात परत दिली, सोडली मात्र नाही लगेच. "मास्तर, मले नेता काय?" त्यानं विचारलं.

"पुढच्या साली पाहू," मी म्हटलं. मोठी माणसं असंच म्हणतात.

थावरूच्या आईनं, तांड्याच्या बोलीत त्याच्या याडीनं, आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाटी, म्हणजे आपली भाकरच, आणि अंबाडीची भाजी. आंबट, तिखट, वरून कच्चं तेल. तुम्हाला कुठं मिळाली तर सोडू नका. जेवून आम्ही नायकाजवळ कडुनिंबाखाली बसलो. समोर पोरांचा डाव परत सुरू झाला. एका दांडग्या पोरानं असा खणखणीत फटका मारला की चेंडू थेट ढोरांत. मी उठून टाळ्या वाजवल्या. वाजवणारा मी एकटाच. पोरं त्याला हसत होती आणि तो बिचारा खांद्यावर काठी टाकून, मान खाली घालून ढोरांकडे चालला होता.

"नायक, त्याले काहून हाकललं?" मी विचारलं. वऱ्हाडात राहून माझीही जीभ तशीच वळते.

"हाकलते कायले? त्याचा चेंडू ढोरात गेला," म्हातारा म्हणाला. "ज्याचा चेंडू ढोरात जाते, त्यानं दिवस बुडेस्तोवर ढोरं राखाचे. आमच्या लहानपनापासून असंच हाये. सारेच खेळाले लागले तं ढोरं कोन राखन?"

सकाळी मी ज्यांच्यात जोर नाही म्हणालो होतो, ती पोरं जोर न लावायलाच शिकलेली होती!

"आन् थावरू?" मी विचारलं. "तो कधी गेलता ढोरं राखाले?"

नायकानं विचार केला. "पोळ्यापासून तं नाई पाह्यला बाप्पा."

पोळा म्हणजे भाद्रपदाच्या तोंडाशी. तिथून जानेवारी, रोजचा खेळ, आणि एकदाही चेंडू हातचा गेला नाही. मी चाचांकडे पाहिलं. ते बिडीच्या धुरातून हसत होते. "तुमाले ठाऊक होतं!" मी ओरडलो.

"मी सांगतलं असतं तं तुमी मानलं असतं काय, मास्तर? तुमच्या हातात तक्ता होता."

रागही आला आणि हसूही. बूट काढले, स्टिक घेतली आणि पोरांत घुसलो. थावरूला म्हटलं, "चेंडू तुझ्यापाशी ठेव. मी घेतो." अमरावतीच्या लीगमध्ये मी बरा खेळाडू समजला जायचो हो. मी डावीकडून गेलो, चेंडू उजवीकडे. उजवीकडून गेलो, तर तो काठीच्या पाठीनं ओढून मागं. हॉकीत काठीची पाठ चालत नाही, पण ते त्याला कोण सांगणार? आणि त्याची नजर चेंडूवर नव्हतीच, माझ्या पायांवर होती. शेवटी मी जीव खाऊन झेप घेतली आणि काळ्या मातीत साफ बसलो. अख्खा तांडा हसला. थावरूची आई पदर तोंडाला लावून हसत होती. इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

आता खरी परीक्षा. नायकासमोर बसलो, खाट, जेवण, शाळा, रेल्वेतली नोकरी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, आमी जनम बैलात काढला. अदंत गोऱ्ह्याचा भाव करते काय कोनी? दोन दात येऊ दे, मंग समजते बैल कसा निंगन ते."

नऊ वर्षांचं पोर पुढं कसं निघेल हे मला काय, अण्णांच्या तक्त्यालाही ठाऊक नव्हतं. तेच सांगितलं. "नायक, मले माहीत नाई. चुकूही शकतो. सकाळीच चुकलो. नाई जमलं तं मीच आनून सोडीन."

म्हातारा सुनेकडे वळला. तिनं मला एकच विचारलं, "होळीले धाडान काय?" तांड्यावर होळीसारखा दुसरा सण नाही, हे नंतर कळलं. मी म्हटलं, "धाडीन." ती उठली आणि थावरूचं तोंड धुवायला लागली. तो तोंड वाकडं करत होता, पण हातातली काठी काही सोडत नव्हता.

परतीच्या वाटेवर चाचांच्या सायकलीच्या दांडीवर थावरू. दिग्रसला उत्तमला सगळं खरं सांगितलं. पोरगं रडलं, मलाही वाईट वाटलं. चाचांनी त्याला स्वतःची जुनी स्टिक दिली आणि म्हणाले, "तू माह्याजवळ राह्य, तुले मी घडवतो." त्यांनी ते केलंही.

छोट्या गाडीत थावरू दारव्ह्यापासून मूर्तिजापूरपर्यंत खिडकीशी उभा होता. अण्णांनी त्याला पाहिलं, वही पाहिली, रेघ मारलेलं नाव पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, नको लिहिलेलं पोरगं घेऊन आलास?" मी सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "बघू." होळीला मी त्याला स्वतः पोहोचवून आलो, रंगात न्हाऊन परत आणला.

चैत्रात एक दिवस, "जोरात मार" या माझ्या सततच्या ओरडण्याला कंटाळून, त्यानं एकदाचा सणसणीत फटका मारला. चेंडू भिंतीवरून रस्त्यावर. सगळी पोरं नाचली. थावरूनं स्टिक खाली ठेवली आणि चालत फाटकाबाहेर गेला. जाऊन पाहतो तर समोर गवळ्याच्या दोन म्हशी बांधलेल्या, आणि हा त्यांच्याकडे तोंड करून उकिडवा बसलेला.

"काहून बसला रे?"

"माहा चेंडू गेला ना, मास्तर."

"अरे, हे आपले ढोरं नाईत." पण तो उठेना. नियम म्हणजे नियम. मग मीही बसलो शेजारी, दिवस बुडेपर्यंत.

थावरू देशासाठी खेळला नाही, हे आधीच सांगतो. रेल्वेत लागला, त्यांच्या संघात वर्षानुवर्षं मधल्या फळीत खेळला, घर बांधलं, याडीला नेऊन ठेवलं. मी पुढं पस्तीस वर्षं पोरं निवडली. कुठल्याही गावात गेलो की स्टिक देण्याआधी विचारायचो, "तुमच्यात चेंडू बाहेर गेला तर काय करता रे?" तेवढं एक शिकून आलो होतो. काही निवडी चुकल्या, काही जमल्या. त्याचं आता काही वाटत नाही.

गेल्या दिवाळीला थावरू घरी आला होता. सत्तरी ओलांडलेला, गुडघे दुखतात म्हणे. चहा पिताना मी कपाटातली ती जुनी वही काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा लावून सावकाश वाचलं : थावरू, फटका कमजोर, नको.

"बरोबर तं लिवलं, मास्तर," तो म्हणाला. "तांडा सोडल्यावर साऱ्या जिंदगीत एकदाच ढोरं राखाले गेलो मी. अन् तवाही तुमी संगं बसले होते."